पायदानाचे टेकू

बाबा, तुमची गाडी परवा विकली गेली. आपल्या धाकटीच्या, माझ्या पाठच्या बहिणीच्या गोठ्यात कडब्याआड ती इतकी वर्षं उभी होती की कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. जुन्या मोटारींचा नाद असलेला एक माणूस पुण्याहून आला, पोतं अंथरून गाडीखाली शिरला, बराच वेळ आत बॅटरी फिरवत राहिला आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणाला, "हे पायदानाचे टेकू कोणी बसवले हो? कारखान्यातले नाहीत हे. पण फार डोक्याने बसवलेत." धाकटीचा मुलगा, म्हणजे तुमचा नातू, छाती फुगवून म्हणाला, "आमच्या आबानं. त्यायचं डोकंच तसं होतं." मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. सूप खाली ठेवलं. तोंडाशी आलेलं गिळलं, कारण ऐंशीच्या घरातल्या बाईनं परक्या माणसासमोर मेलेल्या बापाशी भांडू नये. पण तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही हयात असताना हे बोलणं जमलं नाही, कारण बोलणं रंगात आलं की तुम्ही उठून गाडीखाली जायचात.

ती गाडी तुम्ही खामगावहून आणलीत तेव्हा शाळेच्या भिंतीवर 'महाराष्ट्र राज्य' ही अक्षरं अजून ओल्या रंगातली वाटायची. गाडी मात्र तेव्हाच म्हातारी होती. कुण्या जिनिंगवाल्याच्या हौसेची, कापडी टपाची, पितळी कड्यांची. तुम्ही तिचं पार रूप पालटलंत. मागची गादी काढून बाभळीच्या फळ्या ठोकल्या, काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत पोट घासू नये म्हणून तिचं धड लाकडाचे ठोकळे घालून उचललं, आणि वांगी, मिरच्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या असं सगळं त्यात भरून आपण बाजाराला निघू लागलो. चालवायला आपण दोघं एकाच वेळी शिकलो, हे तुम्ही पुढे कधी कबूल केलं नाहीत. तुम्ही चाक कासऱ्यासारखं ओढायचात आणि थांबवायची वेळ आली की पाय दाबायच्या आधी बैलांना म्हणतात तसं "हो, हो" म्हणायचात. गिअर बदलताना गाडी असा आवाज करायची की आई घरातून बाहेर यायची. शेवटी व्हायचं ते झालं. मळ्यापासून जानेफळच्या बाजारापर्यंत गाडी मी चालवायची, आणि बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली आपण जागा बदलायच्या, म्हणजे शेवटचा तुकडा तुम्ही मालकासारखे चाकामागे बसून यायचात. बाजारात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. चहावाला तुमच्या हातात कप द्यायचा आणि माझ्याकडे पाहून म्हणायचा, "आले का डायवर?"

याच गाडीपायी डोणगावची सोयरीक मोडली. पसंती झाली होती, आणि त्यांच्यातल्या कोणीतरी मला घाटातून भरली गाडी आणताना पाहिलं. मोटार हाकणारी सून नको, असा निरोप आला. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. म्हणून वरवट बकालचं स्थळ आलं तेव्हा तिनं आपल्याला दोघांना स्वयंपाकघरात बोलावून पाटावर बसवलं आणि भाकरी थापता थापता सांगितलं, "त्या लोकायले गाडीचं कळलं तं ही बी सोयरीक मोडन. अक्षता पडेपर्यंत कोनाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही पाह्यजे." वरवट लांब, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तिकडे कोणाला काही कळलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हाव, हाव. मी कायले सांगतो?" आणि बाबा, मला ते लग्न हवं होतं. मुलगा पाहायला आला तेव्हा त्यानं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "तुमच्या विहिरीले उन्हाळ्यात पाणी किती राह्यते?" मुलीला अशी गोष्ट विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हे लग्न मोडलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

तरी तुमच्या डोक्यात पायदान शिरलं. गाडीच्या दोन्ही अंगांना, दारांच्या खाली, पाय ठेवायची लांब फळी असते ती. आपल्या गाडीची जुनी पायदानं कुजून गेली होती आणि धड उचललं तेव्हा तुम्ही ती काढून फेकली होती. पण कुठल्याशा बड्या लग्नात तुम्ही व्याह्यांना मोटारीच्या पायदानावर उभं राहून येताना पाहिलं होतं, एक हात टपाला, एक हात फेट्याला, पुढे बँड. आपल्या घरचं पहिलंच लग्न, तेव्हा आपले व्याही तसेच आले पाहिजेत. आई म्हणाली, आत गादी टाकून बसवा त्यांना, सुखानं येतील. तुम्ही म्हणालात, "आत बसले तं कोनाले दिसते? मानाचा मानूस दिसला पाह्यजे." घरात मांडवाची कामं पडलेली, पत्रिका वाटायच्या राहिलेल्या, आचाऱ्याला सुपारी दिलेली नाही, आणि मुलीचा बाप लोहाराच्या भात्यापाशी बसून राहिलेला.

फळ्या चांगल्या केल्यात, खोटं का बोलू. सागाच्या होत्या, वर पत्रा, कडेला पितळी पट्टी. वाकडं काम झालं ते टेकूंचं, म्हणजे फळीला खालून धरणाऱ्या लोखंडी हातांचं. मोडलेल्या बैलबंडीच्या चाकाची धाव, ती लोखंडी पट्टी, तुम्ही लोहाराकडून तापवून वाकवून घेतलीत. इथवरही ठीक. पुढचे टेकू गाडीच्या चौकटीला बसवलेत, तेही नाइलाजानं, कारण पुढची चाकं वळतात. पण मागचे टेकू तुम्ही थेट मागच्या आसाला, दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याला, कडं घालून आवळलेत. मी गाडीखाली झोपून पाना धरला होता, तुम्ही वर हातोडा घेऊन. मी तिथूनच ओरडले, "बाबा, आसाले नोका बांधू. चौकटीले बांधा."

"काऊन वं?"

"ही बंडी नाही. हिले पाटे आहेत. आस वर उसळला की फळी बी उसळन."

"भार कोनं घ्याचा? आसानं. साटीनं भार घेतला तं साटी मोडते. माह्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं."

"त्यायच्या बंडीले पाटे नव्हते!"

"तुनं कधी चाकावर धाव चढोली का?"

"नाही."

"मंग?"

हे तुमचं 'मंग' ऐकलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. त्याच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही. साधी गोष्ट होती हो. बैलगाडीची साटी, म्हणजे वरचा सांगाडा, आणि आस एकमेकांना बांधलेले असतात, खड्डा आला की दोन्ही एकदम आपटतात. मोटारीचं धड पाट्यांवर, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, तोललेलं असतं. चाक खड्ड्यात गेलं की आस आधी हलतो आणि धड मागून, सावकाश. एक फळी दोघांना बांधली की ती एका टोकानं धडाबरोबर राहणार आणि दुसऱ्या टोकानं आसाबरोबर उड्या मारणार. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती गाडी रोज अंगाखाली असायची म्हणून कळायचं, एवढंच. मी चौकटीवर खडूनं खुणासुद्धा करून दिल्या, टेकू इथे बसवा म्हणून. तुम्ही त्या खुणांवर ग्रीसचा डबा ठेवलात.

मग तुमच्या परीक्षा सुरू झाल्या. आजूबाजूच्या मळ्यांतले गडी बोलावून दोन्ही पायदानांवर दाटीवाटीनं उभे केलेत आणि गाडी जागची न हलवता विचारलंत, "मोडली का? नाही मोडली." मी पायदानावर कांद्याचं पोतं बांधून मळ्याच्या वाटेनं गाडी नेली, पोतं पहिल्याच चाकोरीत उडून पडलं. तुम्ही म्हणालात, पोतं ढिलं बांधलं. आवळून बांधलं तर सुतळी तुटली. तुम्ही म्हणालात, सुतळी जुनी होती. शेवटी मी म्हटलं, आता तुम्हीच उभे राहा, मी चालवते. तुम्ही उभे राहिलात आणि पडला नाहीत! कसे पडाल? जन्मभर धावत्या बंडीवर उभं राहिलेला माणूस गुडघ्यांत वाकून, पाय फाकवून उभा राहतो. फळी खालून उसळत होती आणि तुम्ही वरून तिच्याबरोबर झुलत होतात, वर मला म्हणता, "पाह्य, कसं ऐटदार वाटते." मी म्हटलं, व्याही असे उभे राहणार नाहीत, ते ताठ उभे राहतील. तर म्हणालात, ताठ मानूस कधी पडते का. अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? हळदीच्या दिवशी आई माझी बोटं चिंच लावून घासत होती, कारण नखांतलं ग्रीस निघत नव्हतं आणि त्या काळ्यावर हळद चढत नव्हती. ती रागानं घासत होती आणि मला राग तुमचा येत होता.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड ट्रकनं आलं आणि शाळेत उतरलं. शाळेपासून आपल्या मांडवापर्यंत नवरदेवाला गाडीतून आणि व्याह्यांना पायदानावर उभं करून आणायचं होतं. गाडी चालवणार कोण? मी चालवते हे लपवायचं, म्हणजे मी नाही. गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. म्हणजे तुम्ही. मला हे आदल्या दिवशी कळलं. आपल्या दारासमोरची ती नाली आठवा. मी तिच्यावरून गाडी नेहमी तिरपी घ्यायची, एकेक चाक अलगद उतरवत. तुम्ही बैल घालतात तशी सरळ घालायचात. मी आईकडून निरोप पाठवला, नाली तिरपी घ्या. तुमचं उत्तर आलं, "नवरीनं नवरीसारखं बसावं."

मी पिवळं लुगडं नेसून, बायकांच्या घोळक्यात, आतल्या खोलीत बसले होते. बाहेरचं दिसत नव्हतं, पण गाडीचा आवाज मला आईच्या हाकेइतका ओळखू येत होता. शाळेपासून तुम्ही पहिल्याच गिअरमध्ये होतात, इंजिन नुसतं रडत होतं. बँड जवळ आला. तुमचं "हो, हो" ऐकू आलं. पुढची चाकं नालीतून गेली. मग मागचं चाक धाडकन उतरलं आणि वर आलं, फळीचा फाटकन आवाज झाला, आणि बाहेर जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे अरे अरे" निघालं. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. खिडकीपाशी उभी असलेली मावशी म्हणाली, "व्याही पडले वं." माझे होणारे सासरे, वरवटचे एवढे मानाचे माणूस, पंगतीची भांडी घासल्याच्या चिखलात बसले होते आणि त्यांचा जरीचा फेटा नालीत पडला होता. माणूस पडला तर उचलता येतो. फेटा पडला म्हणजे काय ते आपल्याकडे पोराबाळांनाही कळतं. बँड थांबला. मुलाचा मामा ओरडला, "ट्रक वळवा. अशा लोकायच्या दारात पाय नाही ठेवाचा!" आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. सगळे वाट पाहत होते की मुलीचा बाप आता धावत जाईल, हात जोडेल, पाया पडेल, काहीतरी करेल.

आणि तुम्ही, बाबा, गाडीखाली शिरलात. नवं धोतर, नवा सदरा, कपाळाला कुंकू, आणि तुमचे दोन पाय तेवढे चाकामागून बाहेर. मावशी खिडकीतून सांगत होती आणि माझा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. मग तुमचा आवाज आला. नेहमीच उंच असायचा, त्या शांततेत तर गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

"अरेच्च्या! हे पाहा! आस वर आला अन् धड खालीच राह्यलं! पाट्यामुळं हो, पाट्यामुळं! माही पोरगी सांगून राह्यली होती मले, मीच नाही आयकलं. तिचंच बरोबर होतं!"

मामा म्हणाला, "पोरीले काय समजते गाडीतलं?"

तुम्ही तेव्हा तरी गप्प बसायचं ना! आईनं पाटावर बसवून सांगितलं होतं. पण नाही. तुम्ही खालूनच म्हणालात, "वा! तिले नाही तं कोनाले? तीच तं चालोते ना गाडी, जानेफळच्या बाजाराले. कोनतं चाक कुठं गेलं ते बुडाखालून समजते तिले!"

आई ताट घेऊन उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं संपलं, आता डोणगावसारखंच होणार, तेही घरापुढे, मांडव घातलेला असताना. मग सासऱ्यांचा आवाज आला. ते चिखलातून उठून गाडीपाशी आले होते, मावशीनं सांगितलं. ते म्हणाले, "तिले समजत होतं, तं मंग आज तुमी कायले बसले चालवाले?" सनईवाला आधी हसला, मग वऱ्हाडातली पोरं, मग बाकीचे. सासरे हसले नाहीत. पण भटजी मुहूर्त टळतो म्हणून ओरडायला लागले होते, आईनं माझ्या मामासाठी आणलेला कोरा फेटा पुढे केला, आणि सासऱ्यांनी तो बांधला. लग्न लागलं ते असं लागलं.

त्याची किंमत कोणी भरली, तुम्हाला माहीत आहे का? अक्षता पडल्यावर सासूबाई माझा पदर नीट करायच्या निमित्तानं जवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "आमच्या घरी बाईनं चाक फिरवाचं ते जात्याचं." त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं आणि मलाही पाळायला लावलं. पीठ जाडं आलं की "मोटारवाली", दूध उतू गेलं की "मोटारवाली". पुढे घरात ट्रॅक्टर आला, जीप आली. तुमच्या जावयानं एकदा नदीच्या पात्रात जीप थांबवून मला विचारलं, "तुले शिकवू का चालवाले?" मला! शिकवू का! मी नको म्हटलं, कारण घरी सासूबाई होत्या. त्या गेल्या तोवर माझे गुडघे गेले होते. ज्या चाकावर माझा हात बसला होता त्या चाकाला लग्नानंतर मी पुन्हा हात लावला नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. आजही वाटतं.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर गाडी अंगणात उभी. मी आधी खाली वाकून पाहिलं. मागचे टेकू आसावरून काढून चौकटीला बसवलेले होते, मी खडूनं खुणा केल्या होत्या बरोबर तिथे, वर काळा रंगही दिलेला. मी आनंदानं उठते तोच तुम्ही कट्ट्यावर शेजारच्यांना सांगताना ऐकू आलात, "मी म्हटलं, भार चौकटीले देऊ. आसाले कायले द्याचा? हिले पाटे असतात." मी म्हटलं! मी तिथेच उभी होते, बाबा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "चाय घेतला का वं?" पुढे तुम्ही जाईपर्यंत ती गोष्ट तुमचीच राहिली. तेराव्याला जमलेले लोकसुद्धा सांगत होते, काय डोकं होतं माणसाचं, ते टेकू पाहा. आणि परवा तो पुण्याचा माणूस.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. धाकटीच्या मुलाला तर नाहीच. त्याला आबाच्या डोक्याचा अभिमान आहे तो असू दे. रागही सोडणार नाही, या वयात सोडून करायचं काय त्याच्या जागी. फक्त एक गोष्ट आहे जी मी आईला, जावयाला, कोणालाच सांगितली नाही. तुम्ही गाडीखालून ओरडलात तेव्हा बायकांनी माझ्या तोंडावर पदर ओढून मला धरून ठेवलं होतं. माझे खांदे हलत होते. मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रडू नोको माय, होईन सगळं नीट." बाहेर माझं लग्न मोडत होतं, आई उंबऱ्यावर बसली होती, विहिरीचं पाणी विचारणारा मुलगा मला पुन्हा दिसेल की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि मी पदराआड हसत होते. माझंच बरोबर होतं असं तुम्ही सगळ्या गावासमोर, सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडून सांगितलं होतंत, बाबा. त्या घटकेला लग्न मोडलं असतं तरी मला चाललं असतं.